सांस्कृतिक समितीला खुलं पत्र: गुडघेदुखी ठेवा, पण बर्फालाही एक तास द्या

प्रति,
आमच्या सोसायटीची सांस्कृतिक समिती
(अध्यक्ष साहेब, सेक्रेटरी मॅडम आणि बाकीचे सगळे, जे मीटिंगला होते ते आणि जे 'आलोच' म्हणून आलेच नाहीत ते पण)

सप्रेम नमस्कार.

रविवारच्या मीटिंगमधे माझा विषय दोन मिनिटांत निकालात निघाला. गणपतीतल्या व्याख्यानासाठी मी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, 'ध्रुवावरची उष्णतेची लाट आणि वितळणारा बर्फ'. अध्यक्षांनी ते वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "अहो इथे कात्रजहून स्वारगेटला पोचायला तास लागतो, तुम्ही आम्हाला अंटार्क्टिकाला कुठे नेताय." सगळे हसले, मी पण हसलो, विनोद चांगलाच होता. मग गुडघेदुखी एकमताने पास झाली. गुडघेदुखीला माझा विरोध नाही हो, माझा उजवा गुडघा तर पहिल्यापासून समितीच्या बाजूने आहे. पण त्याच रात्री आपल्या ग्रुपवर तो फॉरवर्ड आला, 'अंटार्क्टिकात बर्फ वाढला, ग्लोबल वॉर्मिंगवाल्यांची पोलखोल', खाली हसणाऱ्या बाहुल्या आणि त्याला आपल्याच लोकांचे धडाधड अंगठे, त्यात समितीतले पण तीन. मी उत्तर टाईप करायला घेतलं, खोडलं, परत घेतलं, परत खोडलं, कारण ते चार ओळीत मावेना. म्हणून हे पत्र, आणि उघडच लिहितोय, म्हणजे दुसऱ्या सोसायट्यांच्या समित्यांनाही वाचता येईल, त्यांच्याकडेही गुडघेदुखीच चालू असणार.

आता मी कोण हे सांगणारा, तर मी शास्त्रज्ञ नाही. तुम्हा बऱ्याच जणांना माहितीये, मी ३४ वर्षं बर्फाच्या कारखान्यात काढली. कारखाना आता नाही, तिथे बारा मजल्यांचं काहीतरी उभं आहे. पण बर्फ मी हाताने ओळखतो. मिठाच्या पाण्याच्या मोठ्या टाकीत पत्र्याचे कॅन सोडायचे, अमोनियाच्या कॉम्प्रेसरवर ते मिठाचं पाणी शून्याच्या खाली ठेवायचं, आणि कॅनमधलं साधं पाणी कडेकडेने गोठत मधे येतं, शेवटी मधोमध एक पांढरी दुधी रेघ राहते, ती जमली की लादी तयार. दीडशे किलोच्या आसपासची एक लादी. रसवंतीवाले, मासेवाले, लग्नाचे केटरर, उन्हाळ्यात पहाटे तीनला टेम्पोंची रांग लागायची. तर बर्फ कसा होतो त्यापेक्षा तो कसा जातो हे आम्हाला जास्त कळायचं, कारण झालेल्या बर्फाचे पैसे मिळतात आणि गेलेल्या बर्फाचा हिशोब मालकाला द्यावा लागतो.

एक गोष्ट विचारतो. सावलीत, गोणपाटाशिवाय लादी ठेवली तर ती कधी लवकर जाईल, एप्रिलच्या ३८ डिग्रीत की जुलैच्या २६ डिग्रीत? मीटिंगमधे हे विचारलं असतं तर सगळे एप्रिल म्हणाले असते, मी पण कारखान्यात नवा होतो तेव्हा तेच म्हणालो होतो आणि आमचे जुने फोरमन माझ्याकडे बघून फक्त पान थुंकले होते. उत्तर जुलै. एप्रिलची पुण्याची हवा कोरडी असते. जुलैची हवा दमट, पाण्याने भरलेली, ती लादीला लागली की हवेतली वाफ लादीवर बसून पाणी होते, जसं थंड स्टीलच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो तसं, आणि वाफेचं पाणी होताना तिच्यातली सगळी उष्णता ती लादीला देऊन टाकते. किती देते? एक ग्रॅम वाफ बर्फावर बसून पाणी झाली की सात ग्रॅमच्या वर बर्फ वितळवते. एकाला सात! हे मला नंतर पुस्तकात वाचून कळलं, फोरमनना वाचल्याशिवाय माहीत होतं. पावसाळ्यात ते कोल्डरूमचं दार उघडं दिसलं की शिव्या द्यायचे, एप्रिलमधे नुसतं ओरडायचे.

ही एवढी गोष्ट डोक्यात ठेवा, माझं सगळं पत्र तिच्यावर उभं आहे.

मार्च २०२२. अंटार्क्टिकाच्या आत, किनाऱ्यापासून हजारएक किलोमीटर आणि समुद्रसपाटीपासून ३२०० मीटर उंचीवर, डोम सी नावाच्या जागेजवळ फ्रान्स आणि इटलीचं कॉन्कॉर्डिया म्हणून स्टेशन आहे. मार्चमधे तिथे उन्हाळा संपून हिवाळ्याकडे चाललेलं असतं, पारा उणे ५० च्या आसपास. १८ मार्चला तिथलं तापमान उणे १२ च्या जवळ आलं. नेहमीपेक्षा ३८-३९ अंश जास्त, पृथ्वीवर कुठेही मोजलेला नेहमीपेक्षा इतका मोठा फरक आजवर नाही. रशियाच्या व्होस्टॉक स्टेशनवर त्याच दिवशी उणे १७.७, तिथला मार्चचा जुना रेकॉर्ड १५ अंशांनी मोडला. क्रिकेटमधे कोणी १०० मीटरचा सिक्सर मारला तर आपण महिनाभर बोलतो, इथे एकाने बॉल सरळ पर्वतीवर टाकलाय आणि आपल्याला पत्ता नाही.

मार्चमधे शिवाजीनगरला दुपारी ३६ असतं, त्यात ३८ मिळवून बघा असं मी मीटिंगमधे म्हणणार होतो. पण खरं सांगायचं तर ती तुलना थोडी फसवी आहे, कारण तिथली हवा इतकी थंड आणि कोरडी असते की तिच्यात चढउतार मुळातच मोठे होतात, पुण्यात तसं होणार नाही. म्हणून ती तुलना मी मागे घेतो. ज्यांना आवडली त्यांनी ठेवा.

पण मुद्दा हा की ती उष्णता आली कुठून? ऊन वाढलं म्हणून नाही, उलट सूर्य मावळतीला लागलेला होता. ऑस्ट्रेलियाच्या बाजूने समुद्रावरून गरम दमट हवेचा एक लांबच लांब पट्टा दक्षिणेकडे सुटला, शास्त्रज्ञ त्याला वातावरणातली नदी म्हणतात, आणि तो पट्टा थेट खंडाच्या आत शिरला. म्हणजे कोल्डरूमचं दार जुलैत उघडं राहिलं. वाफ आली, ढग आले, ढगांनी जमिनीची उष्णता वर जाऊ दिली नाही, पांघरूण घातल्यासारखं, आणि उणे ५० च्या जागी माणसं शर्ट काढून फोटो काढू लागली (काही जणांनी खरंच काढले, उणे १२ मधे, हे लोक वेगळेच असतात).

त्याच सुमाराला पूर्व अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरचा काँगर नावाचा बर्फाचा तरंगता थर कोसळला, साधारण १२०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महापालिकेच्या हद्दीच्या दुपटीहून जास्त. तो या एका लाटेने पडला असं मी म्हणणार नाही, तो आधीच खिळखिळा झालेला होता, वाऱ्याने आणि समुद्राच्या लाटांनी शेवटचा धक्का दिला. पण पूर्व अंटार्क्टिका म्हणजे सगळ्यात भक्कम, तिकडे काही होत नाही, असं म्हणायची सवय होती, ती गेली.

आता तुमचा फॉरवर्ड. तो पूर्ण खोटा नाही, इथेच तर गंमत आहे! उपग्रहांनी अंटार्क्टिकाचं वजन मोजलं जातं (हो, वजन, वरून फिरणाऱ्या उपग्रहाला खालचं वस्तुमान कमीजास्त झालेलं कळतं), आणि २०२१ ते २०२३ मधे ते वजन थोडं वाढलेलं दिसलं, आधीची वीस वर्षं घटत असताना. का वाढलं? कारण बर्फ जास्त पडला. आणि बर्फ जास्त का पडला? कारण दमट हवा जास्त आली, त्या मार्चच्या लाटेनेसुद्धा आत मधे भरपूर बर्फ टाकला. म्हणजे ज्या कारणाने रेकॉर्ड मोडला त्याच कारणाने वजन वाढलं, आणि आपण अर्धीच गोष्ट उचलून अंगठे दिले. १९९२ ते २०२० मधे ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका मिळून साडेसात लाख कोटी किलो, थांबा, शून्यं मोजतो, ७,५६० अब्ज टन बर्फ गेला. टन. किलोमधे लिहायला गेलो तर पत्र इथेच संपेल. आमच्या मालकांचं पण असंच व्हायचं, एखादा मे महिना चांगला गेला की म्हणायचे धंदा उभा राहिला, मुनीमजी गप्प मागची वही उघडून समोर ठेवायचे.

आणि त्या फॉरवर्डमधे फोटो होता समुद्रातल्या बर्फाचा! अहो जमिनीवरचा बर्फ वेगळा आणि समुद्राचं पाणीच गोठून झालेला पातळ बर्फ वेगळा. समुद्रावरच्या बर्फाची गोष्ट तर उलटी आहे. फेब्रुवारी २०२३ मधे अंटार्क्टिकाभोवती तो १७.९ लाख चौरस किलोमीटर उरला होता, १९७९ पासून उपग्रहाने मोजतायत तेव्हापासूनचा सगळ्यात कमी, आणि पुढच्या हिवाळ्यात तो जेवढा भरायला हवा तेवढा भरलाच नाही, सप्टेंबरचा कमाल आकडा आधीच्या सगळ्यात कमी आकड्यापेक्षाही १० लाख चौरस किलोमीटरने खाली. तीन महाराष्ट्र बसतील आणि वर थोडी जागा उरेल एवढा बर्फ गैरहजर. आदल्याच वर्षी, २०२२ मधे, बेलिंग्सहाउसेन समुद्राच्या बाजूला एम्परर पेंग्विनच्या पाच वसाहतींपैकी चारमधली पिल्लं गेली, कारण पिल्लांना पाण्यात टिकतील अशी पिसं फुटायच्या आत पायाखालचा बर्फच फुटला. व्याख्यानात पेंग्विन येतात तेव्हा लहान मुलं बसतात हा मुद्दा मी मीटिंगमधे मांडायला विसरलो.

आता उत्तरेकडे जाऊ, कारण तिकडे हे सगळं जास्त जोरात चाललंय, आर्क्टिक भाग गेल्या चाळीसेक वर्षांत जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापलाय.

ग्रीनलंडच्या बर्फाच्या ढिगाऱ्याचा सगळ्यात उंच माथा, समिट म्हणतात, ३२१६ मीटर. १४ ऑगस्ट २०२१ ला तिथे पाऊस पडला. पाऊस! कित्येक तास. तिथे माणसं बारा महिने हवामान बघत बसलेली असतात, त्यांच्या नोंदीत याआधी कधीच पाऊस नव्हता, पाऊस मोजायचं यंत्रच नव्हतं हो त्यांच्याकडे, कशाला ठेवतील, आपण गच्चीवर बर्फ उपसायचं फावडं ठेवतो का? त्या तीन दिवसांत अख्ख्या ग्रीनलंडवर मिळून ७ अब्ज टन पाऊस झाला असा हिशोब आहे.

पाऊस बर्फावर पडला तर काय एवढं, असं वाटेल. इथे मला कारखान्यातली एक रात्र सांगायचीये.

जुलै महिना, साल आठवत नाही, पानशेत-खडकवासला भरलेलं आणि रात्रभर झड लागलेली. हेल्पर नवा पोरगा होता, कोल्डरूममधून शेवटची लादी काढली आणि दार ढकललं, पण खाली गोणपाट अडकलं आणि चार बोटं फट राहिली. पहाटे अडीचला फोरमन आले, फट बघितली, दार लावलं, आणि आम्हाला वाटलं सुटलो, लाद्या तर जागच्या जागी आहेत, थर्मामीटर पण पुन्हा खाली चाललाय. साडेतीनला पहिला टेम्पो लागला, आत जाऊन आकडा लावला तर लादी हलेना. दुसरी हलेना. रात्रभर सगळ्या लाद्यांच्या अंगावर पाणी सुटलं होतं आणि दार लावल्यावर ते पाणी गोठून सगळ्या एकमेकींना चिकटून एकच दगड झाला होता. आम्ही पाच जण पहारी आणि टोचे घेऊन आठ वाजेपर्यंत घाव घालत होतो, निम्म्या लाद्या तुटल्या, मासेवाल्यांनी तुकडे नेले तेही उपकार केल्यासारखं तोंड करून. रोजच्या रजिस्टरमधे त्या रात्रीचं सरासरी तापमान काय लागलं माहितीये? नेहमीपेक्षा जेमतेम दीड डिग्री जास्त. मालकांनी ते बघितलं आणि म्हणाले, "दीड डिग्रीने एवढं कसं होईल, तुम्ही लोक झोपला असाल."

'दीड डिग्रीने काय होतंय' हे वाक्य तेव्हापासून ऐकलं की मला ते घाव आठवतात, आणि रविवारी जगाच्या तापण्याबद्दल ते आपल्या मीटिंगमधे पण झालं, कोण म्हणालं ते मी लिहीत नाही, त्यांना माहितीये.

तर ग्रीनलंडला तेच होतं. भुसभुशीत पांढऱ्या बर्फावर पाऊस पडला की वरचा थर भिजतो आणि परत गोठतो, काचेसारखा होतो. ताजा पांढरा बर्फ आलेल्या उन्हातला ८०-९० टक्के प्रकाश परत पाठवतो, ओला किंवा काळपट झालेला कमी पाठवतो, म्हणजे पुढच्या वेळी ऊन जास्त मुरतं. आणि पुढचं पाणी आत जिरायच्या ऐवजी त्या काचेवरून वाहतं, थेट समुद्राकडे. एका दिवसाचा पाऊस संपला म्हणून विषय संपत नाही, त्याने पुढच्या महिन्याची तयारी करून ठेवलेली असते.

आणि जिथे प्राणी आहेत तिथे ही काच पोटावर येते. सायबेरियात यमाल म्हणून भाग आहे, तिथले नेनेट्स लोक रेनडिअरचे कळप पाळतात, आपल्याकडे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात तसे हे लोक शेकडो किलोमीटर फिरतात. नोव्हेंबर २०१३ मधे तिथे बर्फावर पाऊस पडला, मग कडाक्याने गोठलं, जनावरांना खुराने खरवडून खालचा चारा खाता येईना. त्या हिवाळ्यात ६१,००० रेनडिअर उपाशी मेले. काही कुटुंबांची पिढ्यांची मिळकत एका पावसात गेली. अवकाळीत द्राक्षबाग गेलेला माणूस नाशिककडे जसा बांधावर नुसता बसून राहतो, त्याला ही बातमी समजावून सांगावी लागणार नाही.

"पण आपला काय संबंध" हा प्रश्न सेक्रेटरी मॅडमनी विचारला होता आणि तो योग्यच आहे. पुणं बुडणार नाही. आपण ५६० मीटरवर आहोत, अख्खा अंटार्क्टिका वितळला तरी समुद्र ५८ मीटरच्या आसपास चढेल, आणि त्याला कैक शतकं लागतील, कात्रज घाटाला लाटा लागणार नाहीत. (मुंबईतल्या भावाबहिणींना मात्र गौरीजेवणाला बोलावताना हे वाक्य म्हणू नका.) माझा संबंध बुडण्याशी नाहीच. माझा संबंध असा की तिकडे आपली माणसं बसलीयेत आणि आपल्याला पत्ता नाही.

स्वालबार्डला, नॉर्वेच्या पण उत्तरेला, नी-ओलेसुंड नावाचं एवढुसं गाव आहे, तिथे २००८ पासून भारताचं हिमाद्री स्टेशन आहे. त्याच गावात फेब्रुवारी २०२५ मधे, ऐन काळोख्या हिवाळ्यात, २८ पैकी १४ दिवस पारा शून्याच्या वर गेला. पाऊस पडला, टुंड्रावर, म्हणजे तिथल्या बिनझाडांच्या गोठलेल्या माळावर, डबकी साठली, बर्फाखालची हिरवळ उघडी पडली. फेब्रुवारीत, तिथली जुनी सरासरी उणे १५ असताना! तिकडे दक्षिणेला अंटार्क्टिकात १९८३-८४ मधे आपण दक्षिण गंगोत्री स्टेशन बांधलं, ते पुढे बर्फात गाडलं गेलं, मग १९८९ ला मैत्री, २०१२ ला भारती. ही स्टेशनं चालवणारी संस्था गोव्यात वास्कोला आहे. आणि आपला पाऊस ज्या हवेतून येतो त्या हवेचा अभ्यास करणारी माणसं कुठे बसतात? पाषाणला! उष्णदेशीय हवामान संस्था पाषाणला, हवामान खात्याचं सिमला ऑफिस शिवाजीनगरला, ज्याच्या समोरच्या सिग्नलला आपण आयुष्यात दोनशे तास उभे राहिलो असू आणि आत काय चालतं ते एकदाही विचारलं नाही. ही माणसं रिक्षाने येतील हो. गुडघ्याच्या डॉक्टरांना तर आपण मानधन देतोय.

त्यांना बोलावलंत तर आणखी एक गोष्ट विचारून घेता येईल, जी मला या लोकांची सगळ्यात जास्त आवडते. फेब्रुवारी २०२० मधे अंटार्क्टिकाच्या शेपटीवर, अर्जेंटिनाच्या एस्पेरांझा स्टेशनवर १८.३ अंश तापमान नोंदलं गेलं. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी दहाला असतं तेवढं. डोंगरावरून खाली उतरताना वारा दाबला जाऊन गरम होतो, त्यातून ते झालं. तीन दिवसांनी जवळच्या सेमूर बेटावर २०.७५ नोंदलं गेलं, जगभरच्या पेपरात मोठमोठे मथळे, अंटार्क्टिका वीसच्या पार! नंतर जागतिक हवामान संघटनेने तपासलं, तर उपकरणावरचा उन्हाचा आडोसा जुगाड करून बसवलेला होता आणि त्याने रीडिंग चढत होतं. त्यांनी २०.७५ खोडलं, १८.३ ठेवलं. ज्यांना दुनियेला घाबरवूनच पैसे मिळवायचेत असं फॉरवर्ड म्हणतो, त्यांनी हातात आलेला मोठा आकडा स्वतः फेकून दिला. मी आमच्या कारखान्यात वजनकाटा मालकाच्या बाजूने चुकत असताना कोणी दुरुस्त केलेला बघितलेला नाही.

एक गोष्ट राहिली, तरंगता बर्फ. फॉरवर्डखाली बी विंगमधल्या काकांनी लिहिलं होतं की ग्लासात बर्फ वितळला तर पाणी सांडत नाही, मग समुद्र कसा वाढेल. काका, बरोबर आहे, अगदी बरोबर, तरंगता बर्फ वितळून समुद्र जवळपास वाढत नाही. पण तो तरंगता थर दाराला लावलेल्या पाचरीसारखा असतो, मागच्या जमिनीवरच्या हिमनद्या त्याने रोखून धरलेल्या असतात. पाचर निघाली की मागचं सरकायला लागतं. २००२ मधे अंटार्क्टिकातला लार्सन बी नावाचा ३,२५० चौरस किलोमीटरचा थर महिनाभरात चुरा झाला आणि मागच्या हिमनद्या भराभर पुढे धावल्या. आणि तो तुटला कसा तेही बर्फवाल्याला विचारा. गरम उन्हाळ्यांत वर पाण्याची तळी साठली, ते पाणी भेगांमधे भरलं, पाणी बर्फापेक्षा जड, ते भेग खाली खाली उकलत नेतं. लादीचे दोन तुकडे करायचे तर आम्ही तिच्यावर हातोडा नाही मारत, टोच्याने एक रेघ पाडायची, मग रेघेत दोनच ठोके, लादी सुतासारखी उकलते. लार्सन बी ला रेघ आधीच होती. ठोके गरम दिवसांनी दिले.

आता मागणी. समितीने गुडघेदुखीचं व्याख्यान जरूर ठेवावं, पण पाचव्या दिवशी संध्याकाळी सहा ते सात जो 'स्लॉट अजून ठरला नाही' असं इतिवृत्तात लिहिलंय तो या विषयाला द्यावा. पाषाणहून कोणी येणार का ते मी विचारून बघतो, पत्र सोसायटीच्या लेटरहेडवर हवं, एवढंच. आणि त्याआधी दहा मिनिटं माझी, भाषण नाही, प्रयोग. माझ्या ओळखीच्या बर्फवाल्याकडून मी एक छोटी लादी आणतो, तिचे दोन सारखे तुकडे करतो, सगळ्यांसमोर वजन करून. एक तुकडा खाली हॉलमधे ठेवू, भाद्रपदातल्या दमट हवेत, पंखे बंद करून. दुसरा जिममधे एसी लावून, पण एसी २६ वर ठेवायचा, म्हणजे हॉलमधे आणि जिममधे थर्मामीटर सारखाच दिसला पाहिजे, आणि तुकड्यावर एसीचा झोत लागू द्यायचा नाही. एसीच्या खोलीतली हवा कोरडी असते. तासाने आरतीच्या आधी दोन्ही तुकड्यांचं परत वजन करू. थर्मामीटर सारखा आणि बर्फ वेगळा निघाला तर अध्यक्ष साहेबांनी कात्रजचा विनोद परत करून दाखवावा, मी परत हसेन.

बी विंगमधल्या काकांनी वजन लिहून घ्यायचं काम करावं अशी विनंती, त्यांचा अंक सुंदर आहे आणि ते माझ्या बाजूचे नाहीत, म्हणजे कोणी शंका घ्यायला नको. काटा मी आणतो, गोणपाट पण माझ्याकडे अजून आहे, माळ्यावर ठेवलंय, आमची ही दर दिवाळीला फेकायला निघते. वितळलेलं पाणी तुळशीकट्ट्याला घालू.

जिमच्या एसीचा रिमोट मागच्या वर्षीपासून सेक्रेटरी मॅडमच्या ड्रॉवरमधे आहे, तेवढा सेल बदलून काढून ठेवावा.

कळावे, लोभ आहेच,

सी विंग, दुसरा मजला
(लिफ्टच्या समोरचं दार, ज्याच्या बाहेर पावसाळ्यात घसरायला होतं आणि ज्याची तक्रार मी तीनदा दिलीये, पण तो विषय वेगळ्या पत्रात)